ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

(दृश्य: नागपुरातली बर्डी, सकाळचे दहा. मेट्रोच्या पुलाखालची गर्दी, तिथून गल्लीत वळणारा कॅमेरा. दुकानाची पाटी.)

बारावीचा निकाल लागला की बर्डीतल्या अशा गल्ल्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. झेरॉक्स, लॅमिनेशन, 'सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील'. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात खसची ताटी लावलेला कूलर. तुम्हाला मागे जो आवाज येतोय तो त्याचाच. नागपुरात मे महिन्यात तो बंद करा असं कुणाला सांगता येत नाही.

महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, असो की प्रवेशाचा फॉर्म, वरच्याच रकान्यांत एक प्रश्न असतो : ई-मेल आयडी.

"नाही आहे भाऊ."
"मंग काढून देतो ना ताई."

(दृश्य: कीबोर्डवरची बोटं, अगदी जवळून. मग स्क्रीन.)

बोटं बघा, खाली बघतही नाहीत. आडनाव, नाव, जन्मतारीख. मग ई-मेलचा पत्ता. जीमेलमध्ये तो 6 ते 30 अक्षरांचा लागतो; अक्षरं, आकडे आणि टिंब चालतात, अंडरस्कोर चालत नाही. साधं नाव-आडनाव केव्हाच कुणीतरी घेतलेलं असतं, म्हणून मागे आकडे चिकटतात. आकडे घ्यायचेच तर शून्य आणि एक टाळावेत. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल, हे हाताने लिहिलेल्या कागदावर सारखेच दिसतात, आणि हॉलतिकीट भलत्याच्या खात्यात जातं.

टिंबाची गंमत वेगळी. जीमेल टिंब मोजतच नाही. टिंबासह किंवा टिंबाविना, मेल एकाच पेटीत पडतो. पण फॉर्मची वेबसाईट सहसा अक्षर न् अक्षर जुळवून पाहते. नोंदणी करताना टिंब दिलं आणि लॉगिन करताना विसरलं, की 'असा वापरकर्ता नाही' म्हणून ती हात वर करते. दुकानात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

(दृश्य: मोबाईल नंबरचा रकाना. दुकानदाराचा हात स्वतःच्या फोनकडे जातो.)

आता हा क्षण. फॉर्म भरायला आलेल्या मुलीचा फोन घरी आहे, बाबांकडे.

"नंबर कोनाचा टाकू? माझाच टाकतो सध्या."

चार सेकंद लागले. ओटीपी आला, खातं उघडलं, पासवर्ड दुकानाच्या वहीत उतरला. (दृश्य: वही, पानावर पान भरलेलं, अक्षरं मुद्दाम धूसर केलेली.) दुकानदाराच्या मनात खोट नाही, रांग बाहेरपर्यंत गेली आहे. पण या खात्याची चावी आता कुणाकडे आहे ते वहीच सांगते. एकच नंबर अनेक खात्यांना दिला की गुगल कधीतरी 'हा नंबर फार वेळा वापरला गेला आहे' म्हणून अडवतं. मग दुकानात दुसरं सिमकार्ड येतं, आणि पहिलं रिचार्जविना पडून राहतं. बंद पडलेला नंबर कंपनी 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. पासवर्ड विसरलात तर ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल.

फुकटची मेलसेवा निवडताना लोक जीबी विचारतात. ती सवय जुनी आहे. 1996 साली हॉटमेल सुरू झालं तेव्हा पेटी 2 एमबीची होती. 1 एप्रिल 2004 ला जीमेलने 1 जीबी देऊ केलं, तर अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. आज जागा पुरेशी आहे. विचारायचं ते हे, की पासवर्ड गेल्यावर खातं परत कसं मिळतं.

(दृश्य: चार सेवांची लॉगिन पानं एकामागून एक.)

जीमेलमध्ये 15 जीबी मिळतं, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही येतात. लग्नाचे व्हिडिओ फोटोमध्ये चढत राहिले आणि जागा संपली, की नवे मेल येणं बंद. आउटलुकचीही पेटी 15 जीबीची. झोहो आपल्याकडचं, तमिळनाडूतलं. फुकट योजनेत 5 जीबी देतं आणि स्वतःचं डोमेन (वेबसाईटचं नाव) असेल तर पाच जणांपर्यंत पत्ते काढू देतं. छोट्या दुकानदाराने किंवा संस्थेने ते जरूर बघावं. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं. फुकट खात्यातून दिवसाला 150 मेल, आणि मजकूर कुलपात. पण तिथे पासवर्ड गेला आणि आधी जपून ठेवायचे बारा शब्द हरवले, तर खातं परत मिळालं तरी जुने मेल वाचता येत नाहीत. गुप्तता हवी त्या पत्रकाराला ते चालेल. शिष्यवृत्तीची पावती शोधणाऱ्या मुलीला नको.

तिच्यासाठी जीमेल बरं, आणि त्याचं कारण साधं आहे. घरी बाबांकडे जो अँड्रॉइड फोन आहे, त्यात बहुधा आधीच एक गुगल खातं आहे. प्ले स्टोअर त्याशिवाय चालत नाही. फोन घेतला त्या दिवशी मोबाईलवाल्याने ते काढून दिलेलं असतं, आणि घरात कुणाला ठाऊक नसतं. प्ले स्टोअर उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा, पत्ता दिसेल.

(दृश्य: तीच मुलगी, दुपार, आता फोन हातात. स्क्रीन जवळून.)

नवं खातं दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरतात. गुगल खात्यात 'सुरक्षा' उघडायचं. रिकव्हरी फोन, म्हणजे खातं परत मिळवायला लागणारा नंबर, बदलून घरात कायम राहणारा नंबर टाकायचा, आणि रिकव्हरी ई-मेलच्या जागी आई, बाबा किंवा भावाचा. बदलानंतर सात दिवसांपर्यंत गुगल जुन्या नंबरवरही कोड पाठवू शकतं, म्हणून हे काम फॉर्मच्या शेवटच्या तारखेला करू नये. मग नवा पासवर्ड, वहीतला बाद. 'तुमची डिव्हाइसेस'मध्ये दुकानाचा कॉम्प्युटर दिसेल, तिथून त्याला साइन आउट करायचं. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू करून फोन हाताशी नसताना चालणारे बॅकअप कोड काढायचे. आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो.

आणि महिन्यातून एकदा तरी लॉगिन करावं. सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल मेलसकट पुसू शकतं.

(दृश्य: प्रिंटरमधून बाहेर येणारा कागद. कूलरच्या वाऱ्याने तो उडतो, मुलगी हाताने दाबते.)

दहा कोडांचा हा कागद. लॅमिनेशन करायचं नाही, वापरलेला कोड पेनाने खोडावा लागतो. गुणपत्रिकेच्या फाईलमध्ये, जातीच्या दाखल्याच्या मागे.

"किती झाले भाऊ?"

(दृश्य: फाईल बंद होते. कूलरचा आवाज.)