फाल्कनेट : चिमणीएवढा ससाणा, लिंबाएवढा गोळा

(दृश्य : वाळकी फांदी, तिच्यावर चार पक्षी एकमेकांना खेटून)

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चिमण्याच आहेत. साइज तोच, 14 ते 16 सेंटिमीटर, वजन जेमतेम 35 ग्रॅम. पण जरा झूम करा. चोच बघा, टोकाला आकड्यासारखी वळलेली, आणि नखं बघा, असली नखं चिमणीला कशाला लागतात हो? हा ससाणा आहे. मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओच्या जंगलातला, काळ्या मांड्यांचा, जगातल्या सगळ्यात चिमुकल्या शिकारी पक्ष्यांपैकी एक. इंग्रजीत याला म्हणतात फाल्कनेट.

आणि हाच शब्द नेटवर सर्च केला की निम्म्या वेळा समोर येते तोफ.

(दृश्य : संग्रहालयातली छोटी पितळी तोफ)

ही ती. 15व्या शतकाच्या शेवटी युरोपात आली. नळी साधारण चार फूट, तोंड दोन इंचाचं, आत जाणारा लोखंडी गोळा कागदी लिंबाएवढा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. किल्ल्याची भिंत पाडायला हिचा काही उपयोग नाही, पण हलकी, कुठंही ओढत न्यावी, जहाजाच्या कठड्यावर बसवावी, समोर माणसांची गर्दी असेल तर मात्र वाईट. 1519 साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोकडे निघाला तेव्हा त्याच्या सामानात असल्या चार होत्या, आणि 1532 मध्ये पेरूतल्या काहामार्का गावात पिझारो या दुसऱ्या स्पॅनिश सेनानीच्या माणसांनी इंका सम्राट अताहुआल्पाला धरलं तेव्हा पेद्रो दे कांदिया नावाच्या ग्रीक गोलंदाजाने अशाच छोट्या तोफा डागल्या. तोफा मोजून दोन-चार, पण समोरच्यांनी असा आवाज आयुष्यात ऐकलेला नव्हता.

आता नाव. इटालियनमध्ये फाल्कोने म्हणजे ससाणा, त्याचं लाडकं रूप फाल्कोनेत्तो, म्हणजे आपण ससाणुला म्हणू तसं काहीतरी. हातावर ससाणा घेऊन शिकारीला जाणं हा तिकडच्या सरदारांचा मोठा शौक, आणि तोफा ओतून घेणारे पण तेच सरदार, त्यामुळे डोक्यात जी नावं घोळत होती तीच तोफांना चिकटली. मोठी ती फाल्कन, तिच्याहून मोठी सेकर, हे सुद्धा एका ससाण्याचंच नाव, मूळ अरबी सक्र. मस्केट बंदुकीचं नाव पण एका छोट्या शिकारी पक्ष्यावरून आलंय, आणि त्या पक्ष्याच्या नावाच्या मुळाशी आहे माशी! म्हणजे गंमत बघा, बंदूक, पक्षी, माशी, एका ओळीत.

आपण हसायला नको, कारण उंटाच्या पाठीवरून उडवायच्या छोट्या तोफेला आपल्याकडे म्हणायचे जंबुरा, जंबुरका. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. पानिपतावर अब्दालीच्या उंटांवर हीच होती. छोटी, चटकन फिरणारी, डसणारी, नाव अगदी फिट. तिकडं ससाणा सुचला, इकडं गांधीलमाशी, आणि मला विचाराल तर आपल्याकडचं जास्त नेमकं आहे. ससाणा झडप घालून शिकार घेऊन जातो, तोफ काय घेऊन जाते?

(दृश्य : पुन्हा जंगल)

पक्ष्याला फाल्कनेट हे नाव मिळालं ते तोफेच्या कितीतरी नंतर, तोवर त्या तोफा जुन्या भंगारात गेल्या होत्या. आपल्या देशात पण फाल्कनेट आहेत बरं का, फक्त जाती वेगळ्या. महाराष्ट्रात नाहीत, त्यासाठी उत्तराखंडची तराई, नाहीतर आसाम-अरुणाचल गाठावं लागतं. तराईतल्याच्या मानेभोवती पांढरा पट्टा असतो, आणि त्याला शास्त्रीय नाव 1758 मध्ये खुद्द लिनियसने दिलं, म्हणजे प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत ज्याने बसवली त्याने.

एवढा शिकारी, पण घर स्वतःचं बांधत नाही. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरून सोडलेली ढोली बघायची आणि सरळ राहायला जायचं. ससाणे गरुडापेक्षा पोपटाच्या जास्त जवळचे, हे डीएनएमुळे कळलंय, त्यामुळे ढोलीत बसलेला हा ससाणा पाहिला की मला उगीच पोपट आठवतो.

आता इकडं लक्ष द्या, डावीकडचा. मान वरखाली करतोय, म्हणजे काहीतरी दिसलंय. गेला. सरळ रेषेत, फांदीपासून वीसेक हात, आणि परत त्याच जागी, पायात चतुर. एका पायाने धरलाय, चोचीने पंख उपटतोय, एक, दोन... पंख गिरक्या घेत खाली येतायत. शेजारचा सरकून जवळ आलाय. धडाचा अर्धा भाग त्याला दिला.