अडीच गुंठे आणि एक हौद

(दृश्य : संध्याकाळ. लोखंडी फाटक, नंबरचं कुलूप. झारी पाण्यात बुडल्याचा आवाज.)

बर्मिंगहॅम. जूनचा शेवटचा आठवडा. रात्रीचे साडेआठ वाजलेत, पण ऊन अजून शेडच्या पत्र्यावरून उतरलेलं नाही. सूर्य मावळायला साडेनऊ होतील. ऑफिस सुटलं, पोरांची जेवणं उरकली, की माणसं इकडे वळतात. पाणी घालायची खरी वेळ हीच.

ही अलॉटमेंट. नगरपालिकेची जमीन, तिचे आखलेले प्लॉट आणि वार्षिक भाड्यावर एकेक प्लॉट कसणारी कुटुंबं. इथे राहायचं नाही, भाजी पिकवायची. अशी जमीन पुरवण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर टाकली. १९२२ च्या कायद्यानं व्याख्या पक्की केली : पीक मुख्यतः कसणाऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या खाण्यासाठी. कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा १९५० मध्ये मिळाली. कोंबड्याला मात्र नाही. पहाटे आरवून तो शेजारपाजार उठवतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

पूर्ण प्लॉट दहा रॉडचा. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. आता आपला गुंठा आठवा : तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे दोन रॉड बाय दोन रॉड. दोन्ही मापं एकराशी जुळणारी. त्यामुळे सातबारा वाचणाऱ्याला हिशेब सोपा आहे. दहा चौरस रॉड म्हणजे बरोब्बर अडीच गुंठे. हल्ली वेटिंग लिस्ट इतकी लांब असते, की नव्या माणसाला बहुतेक अर्धाच प्लॉट देतात. सव्वा गुंठा. नोकरी सांभाळून करायला तोही कमी नाही.

(दृश्य : हौद जवळून. पाण्यावर तरंगणारा बॉलकॉक. काठावरून आत सोडलेली एक फळी.)

कागदावर प्लॉट एकेकाचा, पण उन्हाळ्यात सगळी साइट या हौदाभोवती फिरते. पुष्कळ साइटवर नळाला पाइप लावायला मनाई असते. हौदात झारी बुडवायची आणि उचलायची. दहा लिटरची झारी अशी चार-पाच सेकंदांत भरते. आता गणित करा. कोरड्या आठवड्यात भाजीला साधारण पंचवीस मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पंचवीस लिटर. शंभर चौरस मीटर लागवडीला अडीचशे झाऱ्या. हे कुणालाच झेपत नाही. म्हणून जाणते लोक सगळ्यांना पाणी घालतच नाहीत. आधी नुकती लावलेली रोपं, मग फुलावर आलेला घेवडा, कुर्जेट म्हणजे झुकिनी, टोमॅटो. बटाट्याला, तो खाली पोसायला लागला की. कांदा फुगला की त्याचं पाणी तोडायचं, नाहीतर तो टिकत नाही. आणि रोज वरून शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एका चौरस मीटरला दोन झाऱ्या, बुडाशी. रोजच्या शिंपडण्यानं वरची दोन बोटं माती भिजते, मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक दिवशी रोप मान टाकतं.

सगळे एकाच वेळी आले की लाइनीच्या शेवटच्या हौदाला पाणी पोचत नाही. बॉलकॉक उघडा असतो, पण धार करंगळीएवढी. भांडणं इथे होतात. नळाचं तोंड हौदातल्या पातळीच्या वर ठेवायचं, हा नियम मात्र भांडणाचा नाही. बाहेरच्या लाइनीतला दाब अचानक पडला, तर बुडालेल्या तोंडातून हौदाचं पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या लाइनीत शिरू शकतं. म्हणूनच हौदात मातीचे बटाटे किंवा फवारणीचा डबा धुणाऱ्याला लोक तोंडावर बोलतात. आणि ती फळी? रात्री पाणी प्यायला आलेला काटेरी हेजहॉग आत पडला, तर चढून बाहेर यायला.

१९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये कॉनिंग्जबी इथे पारा ४०.३ अंशांवर गेला. नागपूरकर हसतील, पण इथल्या पालेभाजीनं असा दिवस पाहिलेला नव्हता. त्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात बागेला पाइपनं पाणी घालायला बंदी आली. झारीला बंदी नव्हती.

(दृश्य : बांबूच्या काठ्यांची रांग, लाल फुलं. प्रत्येक काठीच्या टोकाला उलटं लावलेलं दह्याचं रिकामं भांडं.)

हा रनर बीन, आपल्या घेवड्याचा भाऊबंद. आठ फुटी काठ्या, दोन ओळी, मध्ये दोन फूट अंतर, वरती एकत्र बांधलेल्या. टोकाला भांडं अशासाठी, की वाकून खुरपणाऱ्याच्या डोळ्यात काठी जाऊ नये. बी मेच्या मध्यानंतर, शेवटचं गोठवणारं दहिवर पडून गेल्यावर. जुलैच्या मध्यापासून शेंगा. फुलं लागतात पण शेंग धरत नाही, ही दरवर्षीची तक्रार. जुनी माणसं फुलांवर पाणी शिंपडायला सांगतात, त्याचा उपयोग नाही. मुळाशी ओल हवी. भुंगेही कधीकधी लबाडी करतात : फुलाच्या तोंडातून न जाता बुडाला भोक पाडून मध पितात, आणि परागीकरण राहून जातं.

या वेलाची अट एकच : दर दोन दिवसांनी तोडणी. चार शेंगा झाडावर निबर झाल्या, आत बी भरलं, की वेलाला वाटतं काम झालं. तो फुलणं थांबवतो. आणि नेमक्या ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या, सगळे गावाला. म्हणून जाणारा शेजाऱ्याला सांगून जातो, ‘पाणी घाल आणि शेंगा तोडून घरी ने.’ ऐकणाऱ्याला हा उपकार वाटतो, पण फायदा सांगणाऱ्याचा असतो. तोडणारं कुणी नसेल तर पंधरा दिवसांनी परत आल्यावर दोराच्या शेंगा आणि उताणी पडलेली, हातभर लांबीची कुर्जेट भेटतात. इंग्रज त्यांना मग कुर्जेट म्हणतच नाहीत, मॅरो म्हणतात. कुर्जेटची दोन रोपं एका घराला पुरतात. तीन लावतो तो नवखा.

शेजाऱ्याशी संबंध जमिनीखालूनही असतो. इकडचं सर्वांत चिवट तण म्हणजे बाइंडवीड, त्यातला शेतातला प्रकार म्हणजे आपली हरणखुरी. हरभऱ्यात, गव्हात जिनं आपला घाम काढला तीच. मुळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा राहिला तरी फुटते. म्हणून रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे एका वेलाचे शंभर करणं. खणायचा काटा घालून माती सैल करायची, पांढरी मुळं अख्खी ओढायची, आणि ती खताच्या ढिगात न टाकता बादलीत बुडवून कुजवायची. एकट्यानं काढून भागत नाही. मधल्या दोन फुटी पायवाटेखालून ती परत येते. मे-जूनमध्ये कमिटीची पाहणी असते, तण माजलेल्या प्लॉटला पत्र जातं. पत्र आलं की पहिली चर्चा हीच : वेल कुणाकडून आला?

(दृश्य : बटाट्याच्या पानावर तपकिरी डाग. पान उलटून, खालची पांढरी बुरशी.)

आणि करपा. सातगाव पठारावरच्या बटाटेवाल्याला तो सांगायला नको. १८४५ मध्ये आयर्लंडचा बटाटा याच रोगानं गेला. हिशेब ठरलेला आहे : सलग दोन दिवस तापमान दहा अंशांच्या खाली नाही, आणि दोन्ही दिवशी किमान सहा-सहा तास हवेत नव्वद टक्के आर्द्रता, की धोका सुरू. बीजाणू वाऱ्यानं, पावसानं पसरतात, प्लॉटचा नंबर बघत नाहीत. फाटकाजवळच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं ‘करपा दिसला’ लिहितं आणि त्याच संध्याकाळी दहा जण कोयता घेऊन हजर. पाला जमिनीलगत कापायचा, तिथून उचलून न्यायचा. बटाटे मात्र लगेच काढायचे नाहीत. दोन-तीन आठवडे तसेच ठेवायचे. तेवढ्यात साल घट्ट होते आणि मातीवर पडलेले बीजाणू मरतात. शेजारी टोमॅटो उघड्यावर असतील, तर त्यांचीही घटका भरली समजा. सर्वांत मोठा अपराधी, मागच्या वर्षी जमिनीत विसरलेला बटाटा. तो दिसेल तिथे उपटावा, कुणाच्याही प्लॉटमध्ये असो.

एका गोष्टीची मात्र बाहेरून कल्पना येत नाही. तबेल्यातून फुकट मिळणारी घोड्याची लीद. कुरणात रुंद पानाच्या तणावर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेलं असेल, तर ते गवतातून घोड्याच्या पोटात जातं, तसंच बाहेर पडतं आणि खतात टिकून राहतं. मग टोमॅटोचे शेंडे नेच्यासारखे गुंडाळतात, घेवड्याची पानं पेल्यासारखी वळतात. पाणी जास्त झालं की विषाणू, यावर महिनाभर वाद. उपाय स्वस्त आहे : दोन कुंड्यांत खत मिसळलेली माती, दोनांत नुसती. चारही कुंड्यांत बाकल्याचं, म्हणजे ब्रॉड बीनचं बी. चार आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं वेडीवाकडी निघाली, तर ती गाडी परत.

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थसारख्या भागात फेरफटका मारला की वास बदलतो. पंजाबी प्लॉटवर मेथी, कोथिंबीर, मुळा. पलीकडे जमैकाच्या आजीचा कॅलालू. पान चुरडून पाहिलं तर आपला माठ! नाव वेगळं, भाजी राजगिऱ्याच्याच कुळातली. मेथी एकदम पेरू नये. जूनच्या लांब दिवसात ती चटकन फुलावर येते. दर पंधरा दिवसांनी एक ओळ, दुपारची सावली मिळेल तिथे. दुधी मात्र काचेखालीच. उघड्यावर वेल होतो, दुधी होत नाही.

ऑगस्टच्या अखेरीला प्रदर्शन. आकारापेक्षा सारखेपणाला मार्क. तीन कांदे ठेवायचे तर तिन्ही जुळे दिसायला हवेत, माना राफियाच्या दोरीनं बांधलेल्या. वाटाणा देठाला धरूनच तोडायचा. शेंगेवरची पांढुरकी मेणचट झाक बोटानं पुसली गेली की परीक्षकाला लगेच कळतं. या दिवशी भले भले शेजारी एकमेकांशी मोजकंच बोलतात.

(दृश्य : फाटकाजवळ जुनं टेबल. पुठ्ठ्यावर लिहिलंय : ‘न्या’.)

भाजी विकण्याचा धंदा इथे करायचा नाही. म्हणून जास्तीची या टेबलावर येते. सकाळी ठेवलेला घेवडा, टोमॅटो, माठाची जुडी दुपारपर्यंत जाते. मॅरो राहतात. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून पाहावं, तर काल तीन होते, आज पाच.