घरातला नसबंदी झालेला नर आणि कुत्रीचा पहिला माज

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

आयोजकांनी आजचा विषय ‘पहिल्या माजाचे नियोजन’ असा जाहीर केला आहे आणि त्या नियोजनापर्यंत मी येणारच आहे. परंतु त्याआधी ज्याच्याविषयी सहसा कोणी विचारत नाही, अशा एका प्राण्याविषयी मला थोडे सविस्तर बोलू द्यावे. घरात एक नर कुत्रा आहे, त्याची नसबंदी केव्हाच होऊन गेली आहे, मागाहून आणलेली मादी आता वयात येते आहे, अशा घरातील मंडळी माझ्याकडे येतात ती बहुधा निश्चिंत मनाने. ‘आमच्या नराचे ऑपरेशन झालेले आहे, तेव्हा आमच्याकडे तो प्रश्नच नाही,’ असे ती सांगतात आणि लगेच रक्ताच्या डागांकडे वळतात, जणू सोफ्याचे कापड वाचवणे हाच माजाचा मुख्य विषय असावा. पिल्लांची भीती टळली म्हणून माजाचा प्रश्न मिटत नाही, हे माझे आजचे पहिले म्हणणे. दुसरे म्हणणे असे की, ज्या नराला आपण या प्रकरणातून वगळून टाकतो, तोच या दिवसांत घरातील सर्वांत जाणकार साक्षीदार असतो, फक्त त्याची साक्ष कोणी नोंदवून घेत नाही.

अंडकोष काढल्यावर टेस्टोस्टेरॉनची रक्तातील पातळी फार झपाट्याने, एका दिवसाच्या आतच, खाली येते. मात्र पुढच्या नलिकांमध्ये साठलेले शुक्राणू काही आठवडे टिकून राहू शकतात, म्हणून नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या नराला माजावरील मादीपासून किमान महिना-दीड महिना दूर ठेवण्यास सांगितले जाते. (नलिका केवळ बांधून अंडकोष तसेच ठेवलेला नर असेल, तर पिल्ले होणार नाहीत एवढेच, वागणुकीने तो पूर्ण नरच राहतो. आणि एक अंडकोष पोटात अडकलेला असताना बाहेर दिसणाराच काढला असेल, तरीही तीच गत.) शस्त्रक्रियेने नाक काही बधिर होत नाही. ज्या मेंदूवर जन्माआधीपासून आणि पुढे वयात येताना संप्रेरकांचा संस्कार झालेला असतो, तो मेंदूही जागच्या जागी असतो. अमेरिकन वर्तनशास्त्रज्ञ फ्रँक बीच यांनी 1970 मध्ये खच्चीकरणाच्या दीर्घकालीन परिणामांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ काळ लोटल्यावरही नर माद्यांवर चढत असल्याचे दिसले होते. उत्साह कमी होतो, प्रयत्न अपुरे राहतात, काहींना काहीच वाटत नाही, हेही खरे आहे. परंतु आपला नर यांपैकी कोणत्या गटातला, हे मादी माजावर येईपर्यंत त्यालाही ठाऊक नसते.

यावरून एका घरातली हकिगत सांगतो. रात्री उशिरा फोन आला. पलीकडे एकाच वेळी चार माणसे बोलत होती आणि त्यांच्या मागे कुत्री केकाटत होती, त्यामुळे प्रथम काही उमगेना. नंतर उलगडा झाला तो असा की, नसबंदी होऊन काही वर्षे लोटलेला त्यांचा नर आणि पहिल्या माजातील त्यांची मादी बैठकीच्या खोलीत मधोमध एकमेकांना अडकून, पाठीला पाठ लावून उभी होती. असे होऊच शकत नाही, यावर घरातील कर्त्या पुरुषाचा ठाम विश्वास होता आणि समोर दिसत असूनही तो विश्वास ढळलेला नव्हता. एकाने बादलीभर गार पाणी आणून ठेवले होते, दुसऱ्याने नराचा गळपट्टा धरून ओढायला सुरुवात केली होती. ‘ओढू नका’ हे दोन शब्द मी त्या रात्री जितक्या मोठ्या आवाजात उच्चारले, तितक्या मोठ्या आवाजात मी सभागृहातही कधी बोललेलो नाही.

मित्रहो, नराच्या शिश्नाच्या मुळाशी असलेला कंद आत गेल्यावर फुगतो आणि मादीच्या योनीचे स्नायू त्याभोवती आवळले जातात, म्हणून ती दोघे अडकतात. नर मग पाय पलीकडे टाकून वळतो आणि दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना होतात. ही स्थिती पाच-दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक टिकते, आणि सूज उतरली की आपोआप सुटते. ओढल्याने ती लवकर सुटत नाही, उलट दोघांच्याही अवयवांना इजा होते. गार पाण्याने तर घाबरलेली मादी आणखी हिसके मारते. म्हणून मी त्यांना बादली परत न्यायला सांगितली, एका माणसाला मादीच्या तोंडाजवळ बसून तिचा गळपट्टा हलकेच धरायला लावले, दुसऱ्याला नराजवळ बसवले आणि बाकीच्यांना खोलीबाहेर घालवले. मादी मधेच खाली बसू लागली की नर ओढला जाई, म्हणून तिच्या पोटाखाली हात देऊन तिला उभी ठेवावी लागली. पंचवीसेक मिनिटांनी दोघे सुटली. नर कोपऱ्यात जाऊन स्वतःला चाटत बसला, मादी टेबलाखाली शिरली, आणि फोन ठेवण्यापूर्वी घरातील आजींनी विचारले, “डॉक्टर, मग पिल्लं किती होतील?” मी म्हटले, “एकही नाही, आजी.” त्या म्हणाल्या, “मग एवढा खटाटोप कशासाठी केला त्यानं?” या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मी आत्ताच तुम्हाला दिले आहे, त्या रात्री मात्र मला काही सुचले नाही.

तुम्ही हसलात, ते ठीक. पण दुसऱ्या दिवशी तपासणीत त्या मादीच्या योनीमुखापाशी ओरखडे आणि सूज होती. माजात गर्भाशयाचे मुख सैल झालेले असते, त्यामुळे अशा संबंधातून जंतू आत जाण्याचा धोका राहतो. नर थोराड आणि मादी लहान चणीची असेल, तर इजा याहून मोठी होते. मादी पुष्कळ दिवस नर खोलीत आला की शेपूट पायांत घालून उठून जात असे, याचे तर मला अधिक वाईट वाटले. तेव्हा पिल्ले होणार नाहीत म्हणून ‘चालू द्या’ म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही.

आता माझी जुनी तक्रार, ती मांडल्याशिवाय मी पुढे सरकत नाही, हे नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. ती तक्रार म्हणजे माजाच्या चड्ड्या. डाग पडू नयेत म्हणून चड्डी उत्तम आहे, ती दिवसातून अनेक वेळा बदलावी, रात्री आणि विश्रांतीच्या वेळी काढून कातडीला हवा लागू द्यावी, नाहीतर लघवीच्या ओलीने पुरळ उठते, इथवर माझी काही हरकत नाही. पण चड्डी म्हणजे कुलूप आहे अशी समजूत करून घेऊन दोघांना एका खोलीत सोडून बाहेर जाणारी माणसे मी पाहिली आहेत. शेपटीसाठी ठेवलेले भोक, दातांनी सहज तुटणारी चिकटपट्टी आणि मोकळा वेळ असलेला नर, एवढ्यावर बाकीचा हिशेब तुम्हीच करा. वास झाकणाऱ्या सुगंधी फवाऱ्यांबद्दलही तेच. मादीच्या स्रावातील नेमका कोणता पदार्थ नराला खेचतो, याविषयी 1979 मध्ये मिथाइल पॅराहायड्रॉक्सीबेंझोएट या संयुगाचे नाव पुढे आले होते, परंतु पुढच्या प्रयोगांत तो दावा टिकला नाही. नराचे नाक ओळखते ते एकच संयुग की अनेकांचे मिश्रण, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नसताना, ते आपण गुलाबाच्या वासाने फसवू, हा आत्मविश्वास दांडगाच म्हटला पाहिजे.

याहून मोठा घोटाळा रक्ताविषयी आहे. कुत्रीचे हे रक्त म्हणजे बाईची पाळी नव्हे. पाळीत गर्भधारणा न झाल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडते. इथे इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली अस्तर जाड होत असताना सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तपेशी झिरपतात, म्हणजे ही तयारीची अवस्था असते. ती सरासरी नऊ दिवस चालते, पण तीन दिवसांपासून सतरा दिवसांपर्यंत कितीही असू शकते. या काळात नर मागे लागतो आणि मादी त्याच्यावर गुरगुरते किंवा खाली बसून घेते. त्यानंतरचा खरा माज, तोही सरासरी नऊ दिवसांचा, आणि नेमका याच वेळी स्राव बहुधा फिकट, गवती रंगाचा होत जातो. डाग दिसेनासे झाले की मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दार उघडतात. ज्या आठवड्यात पहारा सर्वांत कडक हवा, त्या आठवड्यात तो उठतो! काही माद्यांना तर खऱ्या माजातही लालच जाते, म्हणून केवळ रंगावर भिस्त ठेवता येत नाही.

इथे आपला नर उपयोगी पडतो. माझ्या सांगण्यावरून काही घरांनी एक वही ठेवली आहे. तीत मादीच्या स्रावाचा रंग आणि योनीमुखाची सूज यांच्या शेजारी नराचे वागणेही रोज लिहिले जाते. तो तिची लघवी चाटून दात कडकडवतो का, जेवण टाकतो का, बंद दाराशी कण्हत बसतो का, आणि जाळीपलीकडून तो जवळ आल्यावर ती त्याला दात दाखवते की पाठ फिरवून शेपूट एका बाजूला घेते. ही शेवटची नोंद ज्या दिवशी होईल, त्या दिवसापासून खरा माज सुरू झाला असे धरावे. साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणीही आलीच. लघवीच्या मार्गाला किंवा योनीला संसर्ग झाला असला तरीही नर असाच मागे लागतो, आणि मादीची नसबंदी झालेली असूनही हे दृश्य दिसले तर पोटात अंडाशयाचा तुकडा राहिला आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेले नियोजन अजून सुरूच झालेले नाही, तेव्हा आता भरभर सांगतो.

पहिला माज बहुधा सहा महिने ते एक वर्ष या वयात येतो, थोराड जातींत दीड-दोन वर्षांपर्यंतही लांबतो, म्हणून पाचव्या महिन्यापासूनच लक्ष ठेवावे. योनीमुख सुजले, मादी स्वतःला वारंवार चाटू लागली की त्याच दिवशी तारीख लिहावी आणि दोघांच्या जागा वेगळ्या कराव्यात. एक दार पुरत नाही, कारण कोणीतरी ते उघडे टाकतेच. मधे एखादी रिकामी खोली किंवा दुसरे जाळीचे दार असावे. दोघांना मोकळे सोडायचेच असेल तर ते तुम्ही जागे, समोर आणि हात रिकामा असताना, आणि तेही शेपूट वळण्याच्या आधीच्या दिवसांत. त्यानंतर मुळीच नाही.

नराला शिक्षा झाल्यासारखे कोंडून ठेवू नये. त्याला एरवीपेक्षा लांब फिरवावे, हुंगून शोधायचे खेळ द्यावेत, तिची अंथरुणे रोज धुवावीत. तो एक-दोन जेवणे टाकेल, ते समजण्यासारखे आहे. त्याहून अधिक टाकली तर दाखवावे. घरात दोन नर असतील, तर दोघांचीही नसबंदी झालेली असली तरी त्यांची जेवणाची आणि झोपण्याची जागा वेगळी ठेवावी, कारण या दिवसांत जुने मित्रही भांडतात.

बाहेरचा धोका घरातल्यापेक्षा मोठा आहे, कारण बाहेरचे नर शाबूत असतात आणि या दिवसांत मादी स्वतःच पळून जायला बघते. तिला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नये, अंगणातही एकटी सोडू नये. बीज बाहेर पडल्यावर ते पिकायला दोन-तीन दिवस लागतात आणि शुक्राणू मादीच्या शरीरात पाच-सात दिवस टिकतात, म्हणून ‘दिवस चुकीचा होता’ या समजुतीवर कधीही विसंबू नये. बाहेरचा नर लागलाच तर दोन-चार दिवसांतच पशुवैद्याकडे जावे, गर्भ राहू न देण्याचे उपाय आहेत. पूर्वी सर्रास दिली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शने मात्र गर्भाशयात पू होण्याचा आणि अस्थिमज्जेला इजा होण्याचा धोका वाढवतात, हे ध्यानात ठेवून काय दिले जाणार आहे ते विचारावे. पहारा चौथा आठवडा संपेपर्यंत ठेवावा. तरुण माद्यांत कधी कधी माज अर्धवट येऊन थांबतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो, तेव्हा वही लगेच मिटू नये.

मादीच्या शस्त्रक्रियेविषयी दोनच वाक्ये. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाल्यास स्तनाच्या गाठींचा धोका शाबूत मादीच्या अर्ध्या टक्क्यावर आणि पहिल्या माजानंतर झाल्यास आठ टक्क्यांवर येतो, हे 1969 च्या एका अभ्यासातले आकडे सर्वत्र सांगितले जातात. 2012 च्या आढाव्याने मात्र या विषयावरचा एकंदर पुरावा कमकुवत ठरवला आहे, त्यामुळे जात, आकार आणि सांध्यांची वाढ पाहून निर्णय घ्यावा. आता माज येऊनच गेला असेल, तर दोन-तीन महिने थांबावे, कारण माजात रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि माजानंतर लगेच अंडाशय काढल्यास प्रोजेस्टेरॉन एकदम घसरून खोटी गर्भावस्था सुरू होऊ शकते, मग मादी खेळणी गोळा करून त्यांना जपत बसते आणि तिला दूधही येते.

शेवटचे एकच, कारण घंटा झाली आहे. माज संपल्यानंतरचे दोन महिने मादीच्या पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवा. ती एकाएकी फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, उलट्या करू लागली, पोट फुगले, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. स्राव दिसेलच असे नाही. मुख बंद असताना काहीच बाहेर येत नाही आणि तोच प्रकार अधिक घातक असतो. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा.