देवाचं झाड

ढगांत डोकं खुपसून बसलेला हा माउंट केनिया, पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशातला डोंगर. याच्याच मुलखात, न्येरीजवळच्या इहिथे नावाच्या खेड्यात, १९४० साली वांगारी जन्मली.

घराजवळ मुगुमोचं अवाढव्य झाड होतं. आपल्या वड-उंबराच्या कुळातलं. सरपणाला निघालेल्या लेकीला आई बजावायची, याची काटकीसुद्धा आणायची नाही, हे देवाचं झाड आहे. आपल्याकडे देवराईतली वाळकी फांदी घरी नेत नाहीत, तसंच.

झाडापाशी एक झरा होता. पाण्यात बेडकांची अंडी तरंगायची, अगदी मण्यांसारखी. वांगारी त्यांची माळ गळ्यात घालायला बघायची. उचलायला गेलं की माळ बोटांतून निसटायची! काही दिवसांनी मणी गायब, आणि पाण्यात शेपट्या वळवळणारी पिल्लं.

पुढे वांगारी शिकायला अमेरिकेला गेली, जीवशास्त्र शिकून परतली. गावी येऊन पाहते तर मुगुमो तोडलेला. झरा आटलेला. बेडूक कुठले असणार? मुगुमोची मुळं खोल खडकात शिरत आणि त्याच वाटेनं पाणी वर येई. आईचा देव नेमका काय राखत होता, ते आता लेकीला कळलं.

१९७१ मध्ये वांगारी मथाई पीएचडी झाल्या. पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या पहिल्याच महिला. पण खेड्यातल्या बायका त्यांना सांगत होत्या ते साधंच होतं: सरपण मिळत नाही, पाणी गढूळ येतं. मग झाडंच लावू या, वांगारी म्हणाल्या.

५ जून १९७७. नैरोबीतल्या एका बागेत सात रोपं लावली. त्यात एक पिचकारीचं होतं. हो, तेच लालभडक फुलांचं, ज्याच्या कळ्या दाबून तुम्ही एकमेकांवर पाणी उडवता! खरं सांगायचं तर त्या सातांतली बहुतेक जगली नाहीत.

वनखात्याचे लोक म्हणाले, रोपं करणं हे शिकलेल्यांचं काम. बायकांनी फुटकी मडकी आणि जुने डबे घेतले, आसपासच्या झाडांचं बी गोळा केलं आणि कामाला लागल्या. मोबदला चार पैशांचा. तोही रोप लावल्याचा नव्हे, जगवल्याचा. मला तरी यातली खरी हुशारी हीच वाटते. २००४ पर्यंत झाडं ३ कोटींवर गेली.

वाट सरळ नव्हती. १९९९ मध्ये नैरोबीतलं करुरा जंगल बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून वांगारी तिथं रोप लावायला गेल्या, तेव्हा भाडोत्री माणसांनी त्यांचं डोकं फोडलं. पोलिसांतल्या तक्रारीवर त्यांनी सही केली, ती त्याच रक्तानं. करुरा आजही उभं आहे.

२००४ मध्ये नोबेल शांतता पुरस्काराची बातमी आली, तेव्हा वांगारी न्येरीतच होत्या. समोर माउंट केनिया. त्यांनी माती उकरली आणि एक रोप लावलं. पिचकारीचंच.

२०११ मध्ये त्या गेल्या. माझ्या शवपेटीसाठी झाड तोडू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पेटी विणली गेली बांबू, लव्हाळ्यासारखं पपायरस आणि जलपर्णीची.