थर्मोस्टॅटचा गुन्हा काय?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या गाडीच्या इंजिनाची निगा’. त्यात कूलंट (म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव), ऑइल, धूर आणि टायमिंग बेल्ट असे चार भाग ठरलेत. चारही करू. पण आधी मला एका निरपराध पार्टची वकिली करायची आहे.

गाडी हीट व्हायला लागली की पहिला सल्ला ठरलेला: “थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरू दे.” ऐकायला पटतं. दारच काढलं की वारा येणारच! (हशा) हसा, पण हे दार नेमकं काय करतं ते बघा. स्प्रिंगवरची एक झडप आणि तिच्या पोटात मेणाची डबी. मेण वितळलं की फुगतं आणि झडप ढकलतं. बहुतेक गाड्यांत ती ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागते. आकडा बहुधा झडपेवरच कोरलेला असतो. तोवर कूलंट इंजिनातल्या इंजिनात, म्हणजे बायपासच्या वाटेनं फिरतं; ते गार करणाऱ्या रेडिएटरकडे जात नाही. इंजिन लवकर तापावं, हाच हेतू.

झडप काढली की मोकळ्या रस्त्यावर इंजिन धड गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आत्ताच चालू झालीय. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ओघळतं आणि तळाच्या ऑइल चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. आतली ओल उडून जात नाही, तिचा गाळ बनतो. पिस्टनवरच्या रिंगा झिजतात त्या अशा. आणि गंमत पुढेच आहे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची झडप उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा, आणि कूलंटचा बराच हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात! म्हणजे गाडी तापू नये म्हणून जो पार्ट काढला, तो नसल्यामुळेच ती चढावर तापते.

शंका असेल तर तपासा ना. झडप दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागली आणि गार झाल्यावर घट्ट मिटली तर ती निर्दोष. नाहीतर नवी बसवा, त्याच अंशांची.

मग खरा आरोपी कोण? बऱ्याचदा रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नाही, प्रेशर व्हॉल्व्ह आहे. साधारण १ बार दाब ते आत धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून बाहेर येतं. मग दोष रेडिएटरला लागतो!

दुसरा आरोपी नळाचं पाणी. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आतून खाल्लं जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी नको. शुद्ध कूलंटच ओतलं तर जास्त चांगलं, हाही भ्रम: पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं. आणि रंग बघून प्रकार ठरवू नका. रंगाला कुठलाही नियम नाही. मॅन्युअल बघा.

तिसरं, काट्यावर आंधळा विश्वास. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच काटा खरं बोलतो. होज, म्हणजे कूलंटचा रबरी पाइप, फुटून सगळं वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. हीटर अचानक गार हवा फेकायला लागला तर समजा, कूलंट गेलं. गाडी लगेच बाजूला, इंजिन बंद, आणि गरम असताना झाकणाला हात नाही. हेड मिलिमीटरचा दहावा भाग वाकलं तरी पुरतं, मग त्याच्याखालचं सील, म्हणजे गॅस्केट, गेलंच.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तीन विषय बाकी आहेत, तेव्हा पळतो.

ऑइल. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेच्या वर भरू नका. खाली फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो. लाल ऑइलचा दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे: पेटला की त्याच क्षणी इंजिन बंद. झाकणाखाली दुधट थर दिसला तर घाबरण्याआधी डिपस्टिक बघा. ती स्वच्छ असेल, कूलंटही कमी होत नसेल, तर बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे जमलेली ओल. डिपस्टिकवरही दूध असेल तर गॅस्केटचा संशय घ्या.

धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय: सकाळी सुरू करताना एकच भपका आला तर व्हॉल्व्ह सील, वेग घेताना सतत आला तर रिंगा. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा. गार सकाळची वाफ ठीक. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर असेल तर कूलंट जळतंय.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा. जुनी गाडी घेतली आणि बदलल्याची नोंद नाही, तर बदललेलाच नाही असं धरा. किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. सोबत बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर, बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. खोलाखोल तीच असते.

ज्यांच्या गाडीत बेल्टऐवजी चेन आहे, ते चेनवाले मघापासून हसताहेत. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद इंजिनाच्या चेनकडच्या बाजूनं खडखडाट येतो का, ते ऐका. बऱ्याच गाड्यांत चेन ताणणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि ऑइलचं मी आत्ता दीड मिनिटात उरकलं. दुसरी चिठ्ठी आली.