पान उलटून बघा : सातगाव पठारावरचा करपा

(दृश्य : पहाटेचं धुकं, वरंब्यांवर गुडघ्याएवढा बटाटा)

पुणे जिल्हा, आंबेगाव तालुका, सातगाव पठार. इथे खरिपात पावसाच्या भरवशावर बटाटा होतो. जून-जुलैत लागवड, गणपती-नवरात्राच्या आगेमागे काढणी. मधल्या दिवसांत झिमझिम लागून राहिली, उन्हाचं तोंड दिसेनासं झालं, की बांधाबांधावर एकच विषय निघतो : करपा.

(दृश्य : पानाचा क्लोजअप)

हे पान बघा. कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग आहे. आता पान उलटं करा. डागाच्या भोवती पांढरी लव दिसते ना? ही लव दव असेपर्यंतच दिसते. उन्हं वर आली की जाते, आणि माणूस म्हणतो, 'काल तर काहीच नव्हतं.' म्हणून पाहणी सकाळीच करायची, खालच्या पानांपासून.

हा उशिरा येणारा करपा. लवकर येणाऱ्या करप्यात तपकिरी डागावर वर्तुळात वर्तुळं दिसतात, आणि तो तसा सावकाश पसरतो. हा मात्र गारवा आणि ओल मिळाली की आठवड्याभरात शेत झोपवतो. १८४५ साली आयर्लंडमध्ये हाच रोग आला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं दगावली.

आपण त्याला बुरशी म्हणतो, पण हा करपा आणणारा जीव, फायटोप्थोरा, शेवाळाच्या जवळच्या कुळातला. पानावरच्या पाण्यात त्याचे बीजाणू अक्षरशः पोहतात. म्हणूनच कार्बेन्डाझिम हे खऱ्या बुरशीवरचं औषध मारून हा करपा हटत नाही. पैसे जातात आणि हातातले मोलाचे दोन दिवसही जातात.

मग मारायचं काय? रोग दिसायच्या आधी, ढगाळ हवा दिसताच, मॅन्कोझेब : १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम. ते पानावर थर धरून राहतं, पण आत शिरत नाही. त्यामुळे नोझल खालून वर धरा, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. डाग दिसले, तर सायमोक्झॅनिल आणि मॅन्कोझेबचं तयार मिश्रण, १० लिटरला ३० ग्रॅम. पुढच्या खेपेला औषध बदला. एकाच औषधाला रोग सरावतो. मेटालॅक्झिल या औषधाच्या बाबतीत जगभर तेच घडलं. तोंडाला मास्क, हातात मोजे हवेतच. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, हे डब्यावर छापलेलं असतं, ते वाचा.

(दृश्य : दोन प्लास्टिकच्या टाक्या, निळं पाणी, पांढरं पाणी)

सेंद्रिय शेतीवाल्यांचा आधार म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) १ किलो ५० लिटर पाण्यात, कळीचा चुना १ किलो ५० लिटरमध्ये. दोन्ही एकदम तिसऱ्या टाकीत ओतायचं, सारखं ढवळत. आता लोखंडी विळा मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर पानं भाजतील. चुन्याची निवळी घाला, पुन्हा विळा बुडवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि तांबं मातीत साठत जातं, त्यामुळे बोर्डोही बेताबेतानेच.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चांगलीच, पण तिची जागा लागवडीआधीची : शेणखतात मिसळून, बेण्याला चोळून. कार्बेन्डाझिमात बुडवलेल्या बेण्याला ती लावली, तर बिचारी मरूनच जाते. आणि करपा पानावर चढल्यावर ट्रायकोडर्मा किंवा ताक मारत बसू नका. तेव्हा वेळ गेलेली असते. हे कळकळीनं सांगतोय.

(दृश्य : विळ्याने पाला कापणं)

काढणीआधी १०-१२ दिवस पाला कापून शेताबाहेर न्या, खड्ड्यात पुरा. बांधावर टाकलेला पाला पावसात पुन्हा रोग सोडतो. मातीची भर नीट लावलेली असेल तर पानावरून ओघळलेले बीजाणू बटाट्यापर्यंत सहसा पोचत नाहीत.

(दृश्य : कापलेला बटाटा)

हा पोचलेला. सालीखाली गंजासारखा तपकिरी रंग आत उतरलाय. वरून डोळे अगदी धडधाकट दिसतात, म्हणून असाच बटाटा बेण्याच्या पोत्यात जातो. पोतं शिवण्याआधी दोन-चार बटाटे कापून बघा.