बाबांचा काटा

डिचोलीत सकाळपासून पाऊस. पत्र्यावरच्या आवाजात बाबांचं बोलणं ऐकू येत नाही, हातानंच खुणावतात, "बाय, उजेड धर."

हा काटा बघा. पूर्वी कॅसेट डेकवर गाण्याबरोबर नाचायचा. डेक भंगारात निघाला, काटा बाबांनी सोडवून घेतला. आता तो वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरची तब्येत सांगतो.

चतुर्थी जवळ आली की भजनी मंडळांची खोकी आमच्या दारात येतात. आजचा आहे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अडॅप्टर. लावला की टिकटिकतो, सुरू होत नाही. अशा वेळी पहिला संशय कॅपॅसिटरवर. उष्णतेनं आतलं द्रावण सुकतं आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. त्यालाच ईएसआर म्हणतात. साधा मीटर मोजतो मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवायची क्षमता, आणि ते पुष्कळदा ठीकच दिसतात.

म्हणून बाबांनी ईएसआर मीटर घरीच जुळवला. त्यातली 555 नावाची चिप, म्हणजे आयसी, 100 किलोहर्ट्झची लहर काढतो, म्हणजे सेकंदाला लाख कंपनं. कॅपॅसिटरपर्यंत पोचतात जेमतेम 100 मिलिव्होल्ट. सिलिकॉनचे डायोड, ट्रान्झिस्टर सुरू व्हायला साधारण 0.6 व्होल्ट लागतात, त्यामुळे ते मध्ये लुडबुडत नाहीत. कॅपॅसिटर बोर्डावरून न काढता तपासता येतो. काट्यामागे कागद चिकटवलाय. 1, 5, 10 ओहमचे रेझिस्टर लावून काटा जिथे थांबला, तिथे पेन्सिलीची खूण. 5 ची खूण दोनदा खोडलेली दिसेल.

प्लग काढला तरी अडॅप्टरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो. एकदा बाबा घाईत तो उतरवायला विसरले आणि मीटरचा आयसी जळला. मीटरच्या तोंडाशी उलटसुलट जोडलेले दोन डायोड तेव्हापासूनचे. तरीही आधी रेझिस्टर लावून दाब उतरवायचा, मगच मीटर.

 

काटा 10 च्याही पलीकडे. कॅपॅसिटर गेलाय. बाबा भंगारातलं सगळं वापरतील, पण असा द्रावणाचा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक, कॅपॅसिटर मात्र नवाच घालतात, आणि मला ते पटतं.

आता सिरीज बोर्ड, म्हणजे अडॅप्टरला वीज बल्बमधून द्यायची. 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटेल, करंट अडवेल आणि नवा माल वाचेल.

बटण दाबलं. बल्ब पेटला नाही.

तानपुऱ्यातून सा लागला. बाबांनी कान जवळ नेला आणि पाऊस ओसरेपर्यंत तसेच ऐकत राहिले.